वाफ आत पोचली का?

घटस्थापना आठवड्यावर आली की होटगी आणि दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या आसपासच्या गावांत घरातलं अंथरूण-पांघरूण बाहेर निघतं. वाकळा, गोधड्या, चादरी, उश्यांचे अभ्रे, सतरंज्या, पार पेटीच्या तळाशी पडलेली जुनी लुगडीसुद्धा. घट बसायच्या आत घरात न धुतलेलं कापड राहता कामा नये, हा शिरस्ता. तलाव, ओढा, विहिरीवरची मोटर, जिथं पाणी असेल तिथं धुण्याची गाठोडी जातात. काही घरांत त्याआधी परसात चुलवण पेटतं, हंड्यात पाणी उकळतं, त्यात धुण्याचा सोडा पडतो आणि जाड कापडं त्यात भिजत राहतात. मग दगडावर आपटायचं, दोघांनी दोन टोकं धरून पिळायचं आणि दिवसभर खडकावर नाहीतर कुंपणावर वाळत घालायचं.

या एका दिवसात कापडावर उकळतं पाणी, क्षार, आपटणं आणि ऊन असे चार उपाय होऊन जातात. त्यातला कोणता मळावर लागू पडला, कोणता ढेकणावर, कोणता खरजेच्या किड्यावर आणि कोणता गजकर्णाच्या बुरशीवर, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. आता त्यात नव्या यंत्रांची भर पडली आहे. हॉट वॉशचं बटण असलेलं वॉशिंग मशीन, वाफेची इस्त्री, हातात धरायचा स्टीमर. प्रत्येकाच्या खोक्यावर ९९.९ टक्के जंतू मारल्याचा दावा ठसठशीत छापलेला. कुठले जंतू, किती वेळात आणि कुठल्या कापडातले, हे मात्र खोक्यावर सापडत नाही.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेल्या या मुलखात कापडाबद्दल कोणी कोणाला शिकवावं अशी परिस्थिती नाही. सुताचा नंबर, रंग पक्का की कच्चा, खळ किती दिली आहे, हे इथं बोटांना कळतं. पण कापड गरम होणं आणि कापडातला जीव मरणं या दोन वेगळ्या घटना आहेत आणि त्यांच्यामधलं अंतर बोटांना कळत नाही.

उष्णता दोन तऱ्हेची, कोरडी आणि ओली. वैद्यकाच्या व्यवहारात हा फरक फार मोठा मानतात. शस्त्रक्रियेची उपकरणं कोरड्या गरम हवेत निर्जंतुक करायची तर १६० अंश सेल्सिअसला दोन तास लागतात. तेच काम दाबाखालची वाफ १२१ अंशांना पंधरा-वीस मिनिटांत करते. तापमान चाळीस अंशांनी कमी आणि वेळही कमी. जंतूच्या पेशीतली प्रथिनं पाण्याच्या सान्निध्यात लवकर गोठतात आणि एकदा गोठली की पूर्ववत होत नाहीत, हे त्यामागचं एक कारण. उकळत्या पाण्यात अंडं काही मिनिटांत घट्ट होतं. तेवढ्याच तापलेल्या कोरड्या भट्टीत ते ठेवलं तर बराच वेळ वाट पाहावी लागते. दुसरं कारण वाफेच्या स्वभावात आहे. एक किलो पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला साधारण ३१४ किलोज्यूल उष्णता लागते, पण त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी २,२५७ किलोज्यूल. वाफेनं पोटात घेतलेला हा सगळा ऐवज ती थंड कापडाला टेकून परत पाणी झाली की त्या जागी सोडून देते. वाफेनं हात पोळतो तेव्हा उकळत्या पाण्यापेक्षा जास्त का पोळतो, त्याचं उत्तर हेच.

आणखी एक गंमत आहे. लिटरभर पाण्याची वाफ दीड हजार लिटरहून जास्त जागा व्यापते. कापडाच्या धाग्यांत ती पाणी झाली की एकदम आकसते, तिथं पोकळी होते आणि मागची वाफ त्या पोकळीत ओढली जाते. त्यामुळे वाफ घडीच्या आत स्वतःहून शिरत जाते. अडवते ती फक्त घडीत कोंडलेली हवा. हवा निघाली नाही तर वाफ दारातच थांबते. इस्पितळात ड्रेसिंगचं कापड ज्या ड्रममध्ये भरतात त्याला भोकं असतात आणि ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालच्या वाफेचं यंत्र सुरू केल्यावर आधी आतली हवा बाहेर काढतात, ती याचसाठी. ड्रम ठासून भरायचा नाही, हा परिचारिकांना पहिल्या वर्षी शिकवला जाणारा धडा.

ऑटोक्लेव्ह हे यंत्र फ्रान्सच्या शार्ल शांबरलां याने १८७९ मध्ये पाश्चरच्या प्रयोगशाळेत बनवलं. त्याचा पूर्वज दोनशे वर्षं जुना, डेनी पापँचं हाडं शिजवायचं भांडं, म्हणजे आपल्या प्रेशर कुकरचा खापरपणजोबा. १८८१ मध्ये रॉबर्ट कॉख आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत कापडाच्या गुंडाळ्या गरम हवेत आणि वाफेत ठेवून तुलना केली. गरम हवेत तासन्‌तास ठेवलेल्या गुंडाळीचा गाभा पुरेसा तापलेलाच नव्हता. वाफ मात्र आतपर्यंत गेली होती. इथून पुढे कपडे-अंथरुणांसाठी वाफ हाच राजमार्ग ठरला. होटगीला वाफ तशी नवखी नाही. स्टेशनात दशकानुदशकं कोळशाची इंजिनं फुसफुसत उभी राहिली आणि आता जवळच फताटेवाडीला एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र वाफेवरच चाक फिरवतं. पण घरातल्या वाफेला दाब नसतो, आणि दाब नसला की तापमानाला मर्यादा येते. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. सोलापूरच्या परिसराची उंची साडेचारशे मीटरच्या घरात असल्यामुळे इथं ते साधारण साडेअठ्ठ्याण्णवला उकळतं, महाबळेश्वरला पंच्याण्णवच्या आसपास. दीड अंशानं धुण्याचं काही बिघडत नाही. मात्र धनुर्वातासारख्या जंतूंचे बीजाणू म्हणजे कवचातली झोपलेली रूपं साध्या उकळीला दाद देत नाहीत. म्हणून घरी उकळलेलं कापड चांगलं स्वच्छ असतं, पण शस्त्रक्रियेच्या अर्थानं निर्जंतुक नसतं. रोजच्या वापराला त्याची गरजही नसते.

परटाची भट्टी हे सगळं शास्त्र न वाचता जाणत होती. मळके पांढरे कपडे आधी क्षाराच्या पाण्यात भिजवायचे. कुठं खारी माती, कुठं राख, पुढे धुण्याचा सोडा. मग चुलीवरच्या पाण्याच्या भांड्यावर त्यांचा सैल ढीग रचायचा आणि खालून जाळ लावून रात्रभर वाफ द्यायची. सकाळी ते घाटावर नेऊन आपटायचे, उन्हात टाकायचे, निळीतून-खळीतून काढायचे. तास-दोन तास नव्हे, रात्रभर ओली उष्णता आणि तीही क्षाराच्या सोबतीनं. जंतू, उवा, पिसवा, बुरशी यांतलं काय टिकणार? मुंबईच्या महालक्ष्मीचा धोबीघाट १८९० मधला. तिथंही हौदांच्या रांगांबरोबर कपडे उकळायच्या भट्ट्या आल्याच. परीटघडीचा रुबाब सगळ्यांनी पाहिला, तिच्यामागचं आरोग्य फारसं कुणी मोजलं नाही. ज्या समाजानं गावाचं हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं त्याला त्याबद्दल मान मिळाला नाही, हेही इथं नोंदवायला हवं.

कपड्यांच्या निर्जंतुकीकरणानं महाराष्ट्रात एकदा मोठं राजकारण घडवलं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगास यांनी गाठीच्या प्लेगचं निदान केलं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. रोग रेल्वेनं पसरतो आहे हे दिसत होतं, म्हणून स्टेशनांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली आणि त्यांच्या गाठोड्यांवर संशय आला. त्या काळी मुंबई-मद्रास लोहमार्गाच्या रुंद रुळांवरून उतरून विजापूर-गदगकडच्या अरुंद रुळांची गाडी धरायची ती होटगीला. मुंबईच्या गिरण्यांतून जीव घेऊन पळालेला माणूस गावाकडे निघाला की त्याच्या डोक्यावर असायची ती वळकटी.

ती वळकटीच गुन्हेगार, असं त्या वेळच्या वैद्यकाचं मत होतं. १८९७ मध्येच व्हेनिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं वापरलेले कपडे, अंथरुणं आणि चिंध्या यांना रोग वाहणारा माल ठरवलं होतं. पुण्यात रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग समितीनं गोरे सैनिक घराघरांत घातले. सामान रस्त्यावर आलं, काही धुतलं गेलं, काही जाळलं गेलं. भिंती चुन्यानं रंगवल्या, जमिनींवर कार्बॉलिक ॲसिड आणि पाऱ्याच्या क्षाराचं पाणी ओतलं. माणसांचा अपमान झाला तो वेगळा. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली, त्यामागे या घरझडतीचा संताप होता.

आणि खरा वाहक? १८९८ मध्ये कराचीला पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं दाखवून दिलं की प्लेग उंदराकडून माणसाकडे नेते ती पिसू. लोकांनी हसून सोडून दिलं. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगानं गिनिपिगांवर केलेल्या प्रयोगांनी ते पक्कं झालं. म्हणजे वळकटीवरचा संशय अगदीच चुकीचा नव्हता, कारण पिसू कापडात आणि धान्याच्या पोत्यात बसून प्रवास करू शकते. चुकीचा होता तो उपाय. प्लेगचा जंतू उष्णतेपुढे दुबळा आणि पिसूही तशीच. ज्या गोधडीची होळी झाली ती तासभर भट्टीत घातली असती तर गरिबाचं पांघरूणही वाचलं असतं. पण भिंतीवर चुना मारणं दिसतं, जमिनीवर ओतलेल्या कार्बॉलिकचा वास येतो. सरकारी उपायांना दिसण्याची आवड तेव्हाही होती.

आजच्या घरात कोणता आकडा लक्षात ठेवावा? साठ. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत इस्पितळाच्या धुण्यासाठी ६५ अंशांना किमान दहा मिनिटं किंवा ७१ अंशांना किमान तीन मिनिटं असा दंडक आहे. कोविडच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेनं रुग्णाच्या कपड्यांसाठी साबण आणि ६० ते ९० अंशांचं पाणी सांगितलं. घरातल्या धुळीत राहणाऱ्या आणि दमेकऱ्यांना छळणाऱ्या सूक्ष्म माइट किड्यांवर १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात ५५ अंशांच्या पुढच्या पाण्यात सगळे किडे मेले. उवा आणि लिखा साधारण ५४ अंशांना पाच मिनिटांत मरतात, खरजेचा किडा ५० अंशांना दहा मिनिटांत. साठ अंशांचं पाणी, त्यात साबण आणि अर्धा तास, एवढ्यानं घरातली बहुतेक प्रकरणं मिटतात. जुलाब झालेल्या बाळाचे लंगोट, रुग्णाच्या चादरी किंवा ओट्यावरचं फडकं असेल तर दहा मिनिटं खळखळून उकळावं. फडक्याबद्दल तर विशेषच, कारण ते दिवसभर ओलं राहतं, त्याला अन्न मिळतं आणि त्यानंच आपण ताटं पुसतो.

साठ अंशांचं पाणी हाताला सहन होत नाही. हात घालून चोळता येतंय म्हणजे ते पन्नासच्या आतच आहे. तांब्याच्या बंबातलं शेवटचं, वाफाळतं पाणी ही पूर्वीची सोय. गच्चीवरचा सौर बंब ही आजची. चांगल्या उन्हात तो साठच्या आसपास पाणी देतो, पण बादलीत आलं, थंड कापड पडलं की दहा-बारा अंश तिथंच जातात. मशीनची कथा आणखी फसवी. वरून उघडणाऱ्या पुष्कळ मशिनांत पाणी तापवायचा हीटर नसतोच. 'हॉट'चं बटण दाबलं तरी नळातून येईल तेवढंच गरम पाणी ती घेतात. पुढून उघडणाऱ्या मशिनांत बहुधा हीटर असतो. घेताना विचारावं.

पण सोलापूरकडचा प्रश्न वेगळाच आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथं रोज गरम पाण्याचं धुणं कोण काढणार? इथं मुबलक आहे ते ऊन. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असणं ही इथं बातमी नसते आणि पत्रा, डांबर, काळा खडक यांचं तापमान हवेच्या कितीतरी वर जातं. उन्हाची दुसरी बाजू कोरडेपणा. धुळीतले माइट पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून घेतात. हवा कोरडी पडली की ते सुकून मरतात. म्हणून कोकणातल्या गादीत ते जेवढे फोफावतात तेवढे सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकत नाहीत. उन्हातल्या अतिनील किरणांनाही श्रेय आहे, पण ते पृष्ठभागापुरतं. घडीच्या आत किरण जात नाही. दांडीवर दुहेरी टाकलेलं कापड दुपारी एकदा उलटावं, हा आज्यांचा आग्रह तेवढ्यासाठीच योग्य.

उन्हाची सर्वांत जास्त गरज असलेलं एक कापड मात्र नेमकं उन्हापासून लपवलं जातं. पाळीच्या वेळी वापरायचे सुती तुकडे लाजेपायी मोरीच्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली, गादीच्या आड वाळत घातले जातात. ओडिशातल्या स्त्रियांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे तुकडे घराच्या आत वाळवणाऱ्या आणि न्हाणीघरात लपवून ठेवणाऱ्या बायकांत कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग जास्त आढळला. कापड वापरणं हा दोष नाही. आधी थंड पाण्यात रक्त काढावं, मग साबणानं धुवावं, शक्य तर उकळावं आणि उघड्या उन्हात कडकडीत वाळवावं. लाज आड येतच असेल तर वरून पातळ सुती पदर टाकावा आणि पूर्ण वाळल्यावर दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवावी. पावसाळ्यात, आठ-आठ दिवस ऊन नसताना, ही इस्त्री चैन राहत नाही.

ढेकणाचं प्रकरण मात्र या सगळ्यांहून चिवट. कीटकनाशकांना तो कित्येक ठिकाणी दाद देईनासा झाला आहे, म्हणून जगभर पुन्हा उष्णतेकडे लक्ष वळलं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये त्याचा हिशेब मांडला. ४५ अंशांना मोठे ढेकूण मरायला सुमारे दीड तास लागतो, पण त्याच तापमानाला अंड्यांना सात तास. ४८ अंशांना अंडी सव्वा तासाच्या आत मरतात. तीन अंशांचा फरक आणि सात तासांवरून सव्वा तास. पन्नासच्या वर तर काम मिनिटांचं.

हे आकडे होटगीच्या मे महिन्याशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पत्र्यावर टाकलेल्या कापसाच्या गादीचा वरचा कपडा सहज पन्नासच्या पुढे जाईल. पण कापूस उष्णता अडवतो, त्याचसाठी आपण त्याची गादी करतो. खालची बाजू थंड राहते आणि ढेकूण काही तिथं मरायची वाट पाहत बसत नाही. ऊन लागलं की खाली, शिवणीत, सावलीत सरकतो. संध्याकाळी गादी आत आली की तोही आत येतो. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कपडे बांधून उन्हात ठेवण्याची युक्तीही याच कारणानं अर्धवट ठरते: पिशवी हाताला चटका देते, मधल्या घड्या कोमट असतात. पिशवी अर्धीच भरली, कपडे सैल ठेवले आणि मध्यभागी थर्मामीटर घालून खात्री केली, तरच तिचा उपयोग. जुन्या माणसांची लाकडी खाटेच्या सांध्यांत उकळत्या पाण्याची किटली ओतायची पद्धत याहून कितीतरी अचूक होती, कारण तिच्यात उष्णता नेमकी ढेकणाच्या घरात जात होती.

स्टीमर हेच काम करू शकतो, फक्त घाई नको. नळीतून निघताना वाफ शंभराच्या जवळ असते, पण वीतभर अंतरावर ती हवेत मिसळून निम्म्यावर येते. तोंड कापडाला जवळजवळ टेकवून धरायचं आणि फूटभर शिवण पार करायला दहा-पंधरा सेकंद घ्यायची. वाफेचा झोत जोराचा असेल तर तोंडाला सुती फडकं बांधावं, नाहीतर ढेकूण भाजण्याऐवजी उडून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात पडतो. गादी नंतर पूर्ण वाळवलीच पाहिजे. ओल राहिली तर एका पाहुण्याच्या जागी बुरशी हा दुसरा येतो. आणि आठवड्यानं पुन्हा तपासणी, कारण वाचलेलं अंडं तोवर फुटलेलं असतं.

खरजेच्या बाबतीत तर उष्णताच अपरिहार्य नाही. त्याचा किडा माणसाच्या कातडीपासून दूर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. जे कपडे धुता येत नाहीत ते घट्ट पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवले तरी पुरे. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावणं याला इथं जास्त मोल आहे.

गजकर्ण उलट कापडात चिकाटीनं बसतं. गेल्या दशकात देशभर नायट्याची जी हट्टी साथ आली, तिच्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं. दुकानातून विचारून आणलेली स्टेरॉइड-मिश्रित मलमं हे तिच्या फैलावाचं मोठं कारण. घामानं भिजलेली तंग जीन्स आणि सामाईक टॉवेल ही पुढची. चाळीस अंशांच्या धुण्यात ही बुरशी कापडात शिल्लक राहू शकते, साठच्या धुण्यात मरते. त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञ औषधाबरोबर कपड्यांची यादी देतात: अंतर्वस्त्रं, मोजे, टॉवेल वेगळे धुवा, गरम पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात वाळवा, इस्त्री करा. सगळ्या कुटुंबाला मिळून एकच टॉवेल असेल तर उपचार महिनोन्‌महिने लांबतात. टेरी टॉवेलच्या गावात निदान टॉवेलांची टंचाई सांगता येणार नाही!

इस्त्री. तिच्यावर लोकांचा विश्वास सर्वांत जास्त आणि तो अर्धाच खरा. इस्त्रीच्या एका ठिपक्याला साधारण ११० अंश, दोनला १५०, तीनला २००. आकडे दांडगे आहेत. पण तळ एका जागी सेकंद-दोन सेकंदच टेकतो आणि ही उष्णता कोरडी. पातळ सुती कापड असेल तर ते आरपार तापतं. जाड वाकळ असेल तर वरचा थर तापतो, आतल्या चिंध्यांना पत्ताही लागत नाही. कापडावर पाणी शिंपडून इस्त्री केली की तिथंच वाफ होते आणि ती आत शिरते; खळीच्या कपड्यांवर पाणी मारण्याची लॉंड्रीवाल्यांची सवय इथं नकळत कामी येते. उवांची अंडी कपड्याच्या शिवणीत असतात, म्हणून सपाट भागापेक्षा शिवणीवर, नेफ्यावर, कॉलरच्या आत इस्त्री थांबवून दाबावी. पितळी कोळशाची इस्त्री वजनानं जड आणि चालीनं संथ होती. तिचा तो संथपणा हाच गुण होता.

एप्रिल २०२० मध्ये बँकेचा एक कर्मचारी चिमट्यानं चेक धरून त्यावर इस्त्री फिरवत असल्याची चित्रफीत देशभर फिरली. लोक हसले. प्रयोगशाळेत पाहिलं तर कोरोनाचा विषाणू ७० अंशांना पाच मिनिटांत निष्क्रिय होत होता, साध्या खोलीच्या तापमानात कापडावर तो दोन दिवसांत सापडेनासा होत होता. त्या चेकला दोन दिवस खणात ठेवणं पुरलं असतं. पण त्या दिवसांत कोणाला कुणाच्या भीतीवर हसायचा अधिकार होता असंही नाही.

सगळं कापड उकळीला लायक नसतं. सुती कापड उकळतं, पक्क्या रंगाची सोलापुरी चादर गरम पाणी सोसते, तरी पहिल्या धुण्याला ती एकटी आणि थंड पाण्यात काढावी. रेशीम प्रथिनाचंच असल्यामुळे त्याला उकळी नकोच. पैठणीला किंवा रेशमी पदराच्या इरकलला उलट्या बाजूनं, मध्ये सुती कापड घालून, हलकी इस्त्री आणि जरीवर थेट वाफ नाही. लोकर गरम पाण्यात चोळली की आटून घट्ट होते. पॉलिएस्टर सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे मऊ पडतं आणि त्या अवस्थेत पडलेली चुणी जन्मभर राहते. लवचीक धागा असलेली अंतर्वस्त्रं वारंवार उकळली तर सैल होतात. आणि रक्त, दूध, अंडं, शेंबूड यांचे डाग आधी थंड पाण्यातच काढायचे. गरम पाणी जंतूच्या प्रथिनांना गोठवतं तसंच डागातल्या प्रथिनांनाही गोठवतं, मग तो डाग कापडाचा भाग होऊन बसतो.

प्रेशर कुकरमध्ये कपडा निर्जंतुक करायची युक्ती अधूनमधून ऐकू येते. तत्त्व बरोबर आहे, कारण शिट्टीच्या दाबाला आत १२० अंशांच्या आसपास तापमान होतं. पण सैल धागा किंवा कापडाचं टोक वाफेच्या वाटेत अडकलं तर कुकर फुटू शकतो. त्यापेक्षा झाकणाचं मोठं पातेलं, त्यात जाळी, खाली पाणी आणि वर सैल ठेवलेले छोटे तुकडे. मोदकपात्रात हे छान जमतं, फक्त मग ते मोदकपात्र मोदकांना वापरू नये.

इथल्या बोअरच्या पाण्याबद्दलही सांगायला हवं. ते जड आहे. बादलीच्या तळाशी पांढरा थर बसतो तोच वाफेच्या इस्त्रीच्या बारीक छिद्रांत बसतो. काही महिन्यांत वाफ कमी होते, मग इस्त्री वाफेऐवजी पाण्याचे पांढरट थेंब ओकते आणि नव्या शर्टावर ठिपके पडतात. गरम थेंब म्हणजे वाफ नव्हे. त्यात ती साठवलेली उष्णता नसते. टाकीत आरओ फिल्टरचं नाहीतर बॅटरीच्या दुकानात मिळणारं शुद्ध पाणी घालावं, काम संपलं की उरलेलं ओतून टाकावं आणि माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे अधूनमधून छिद्रं साफ करावीत. पावसाचं पाणी पत्र्यावरून धरून, फडक्यातून गाळून ठेवलं तरी चालतं. पहिल्या दोन सरींचं मात्र सोडून द्यावं.